जुन्या ईकोच्या हीटरचा पाइप फुटला – बायपास करू की सगळे होज बदलू?

बोरीकाठ, अमळनेर

राम राम मंडळी. घरी २०११ ची मारुती ईको आहे, एसी-हीटरवालं मॉडेल, वडिलांनी घेतलेली, इंजिन अजून ठणठणीत आहे त्यामुळे विकायचा विषय घरात कोणी काढत नाही. मागच्या रविवारी चाळीसगावकडून कन्नडचा घाट चढत होतो, गाडी भरलेली, एसी चालू, अर्ध्या घाटात ब्लोअरमधून गोडसर उग्र वास यायला लागला, आधी वाटलं पुढच्या ट्रकचे ब्रेक तापलेत, तेवढ्यात बंपरखालून वाफ. लगेच साइडला घेतली, इंजिन बंद केलं. टोपण उघडायला वडिलांनी कोणाला हात लावू दिला नाही, सगळं गार होईपर्यंत थांबलो. मग वाकून पाहिलं तर हीटरकडे वर जाणारे जे दोन रबरी पाइप आहेत त्यातला एक क्लिपच्या अगदी तोंडाशी उभा चिरलेला.

खालच्या गावातून एक मिस्त्री आला, भर उन्हात रस्त्यावर झोपून काम केलं बिचाऱ्याने. चिरलेलं तोंड कापलं, पाइप आखूड पडायला लागला म्हणून मध्ये लोखंडी नळीचा तुकडा टाकला, त्यावर डिझेलच्या पाइपाचा तुकडा चढवून बायंडिंग तारेने आवळलं. पाणी ढाब्यावरच्या बोअरचं भरलं. हळूहळू घरी आलो, परत तापली नाही.

आता इथे दाखवली तर एक जण म्हणतो हीटरचे दोन्ही पाइप काढून बंद करा, आपल्या खान्देशात हीटर लागतो कुठे. दुसरा म्हणतो तेवढा एकच पाइप बदला, बाकीचे चालतात तोवर चालू द्या. तिसरा म्हणतो थर्मोस्टॅटच काढून टाकू, म्हणजे गाडी परत तापायचीच नाही. तिघांची तीन मतं. चैत्रात सप्तशृंगी गडावर जायचंय सगळ्यांना घेऊन, त्याच्या आत काम पक्कं करायचंय, अर्धवट नको. नेमकं काय काय बदलू आणि पाइप कोणता घेऊ ते जाणकारांनी सांगा.

मिस्त्री_भुसावळ

भाऊ, सगळ्यात आधी थर्मोस्टॅटला कोणाला हात लावू देऊ नका. तो म्हणजे रेडिएटरला जाणाऱ्या पाण्याच्या वाटेवरचा झडपेसारखा भाग, साधारण ८२ ते ८८ अंशाला उघडतो, म्हणजे इंजिन लवकर कामाच्या तापमानाला यावं आणि तिथेच राहावं हे त्याचं काम. काढला की सपाट रस्त्यावर इंजिन गारच चालतं, पेट्रोल जास्त पितं, ऑइल लवकर खराब होतं. आणि ज्या इंजिनात थर्मोस्टॅट उघडताना बायपासची वाट बंद करतो त्यात तर तो काढल्यावर बरंचसं पाणी रेडिएटरला न जाता शॉर्टकटने इंजिनातच फिरत राहतं आणि नेमकी घाटात गाडी तापते. जुना झाला असेल तर नवीन टाका, पण रिकामी जागा ठेवू नका.

आता पाइपाचं. तो क्लिपच्या तोंडाशीच का चिरला ते समजून घ्या म्हणजे बाकीचे का बदलायचे ते आपोआप कळेल. रबरी होज वरून बघून कळत नाही, तो आतून जातो. आत पाणी, कूलंट आणि इंजिनाचे वेगवेगळे धातू यांच्यात बारीकशी विजेची क्रिया चालू असते, त्यामुळे रबराच्या आतल्या बाजूला उभ्या बारीक चिरा पडत जातात आणि त्या बहुतेक वेळा दोन्ही टोकांपासून बोटा-दोन बोटांच्या अंतरात पडतात. त्या चिरेतून पाणी आतल्या दोऱ्याच्या विणीपर्यंत पोचलं की पाइप कधीही जातो, आणि तो जातो तेव्हा घाटातच जातो कारण प्रेशर आणि उष्णता तिथेच जास्त. तपासायची पद्धत साधी आहे, गाडी पूर्ण गार असताना पाइप मधोमध दाबून बघा आणि मग क्लिपच्या शेजारी अंगठा आणि बोटात धरून दाबून बघा. टोकाशी मऊ पडला असेल, आतून करकर लागत असेल किंवा चीर बोटाला जाणवत असेल तर तो गेला म्हणून समजा, वरून कितीही काळाभोर दिसू दे. तुमचे सगळे पाइप एकाच वयाचे आहेत, एक गेला म्हणजे बाकीचे रांगेत आहेत. हीटरचे दोन, रेडिएटरचा वरचा आणि खालचा, आणि इंजिनावर जो कुठे छोटा बायपासचा तुकडा असेल तो, हे सगळे एकदमच काढा. मजुरी एकदाच, कूलंट एकदाच, हवा काढायची कटकट पण एकदाच.

रस्त्यावर केलेला जुगाड घरी आणण्यापुरता बरोबर होता, त्या मिस्त्रीला नावं ठेवू नका. पण आता तो आख्खा काढा. डिझेलचा पाइप डिझेलसाठी बनवलेला असतो, त्याचं रबर वेगळं, गरम कूलंटमध्ये ते टिकत नाही. कूलंटचा होज ईपीडीएम रबराचा लागतो, त्याला उष्णता आणि कूलंट चालतं पण ऑइल-डिझेल चालत नाही, म्हणून तो बसवताना ग्रीस किंवा ऑइल लावून सरकवायचा नाही, साबणाचं पाणी नाहीतर थोडं कूलंट लावायचं. दुकानात नुसतं हीटर पाइप द्या म्हणू नका, जुना तुकडा सोबत न्या. हे पाइप साधारण पाच सूत म्हणजे १६ मिमी किंवा सहा सूत म्हणजे १९ मिमी आतल्या मापाचे असतात, पाच सुताच्या नळीवर सहा सुताचा पाइप टाकून क्लिप आवळणारे खूप आहेत, तो पाइप घडी घालून बसतो आणि त्या घडीतून गळतो. जिथे वळण आहे तिथे वळणाचाच साच्यातला होज घ्या, सरळ पाइप वाकवला तर आतून चपटा होतो.

आणि होज बदलण्याआधी ती लोखंडी नळी बघा ज्यावर तो बसतो. ईकोचं इंजिन सीटखाली आणि रेडिएटर पुढे, त्यामुळे पाण्याच्या लोखंडी नळ्या गाडीखालून जातात, पावसाळ्यातला चिखल तिथेच बसतो. जुना होज काढल्यावर नळीच्या तोंडावर पांढरा-तपकिरी खार आणि गंज दिसेल, तो पॉलिश पेपरने साफ करा. साफ केल्यावर नुसता डाग राहिला तर चालेल, पण खड्डे पडलेले दिसले तर नवीन होज पण गळणार, नळी बदला. खड्ड्यावर सिलिकॉन पेस्ट थापून होज चढवायचा प्रकार करू नका, तो आतला थर सुटून जातो आणि हीटरच्या कॉइलमध्ये, म्हणजे डॅशमागे गरम पाणी फिरतं त्या जाळीत, नाहीतर रेडिएटरच्या बारीक नळीत जाऊन अडकतो.

शहादेकर

मिस्त्री भाऊंनी होजचं बरोबर सांगितलं पण हीटरचं माझं मत वेगळं आहे. मी तोरणमाळचा घाट नेहमी करतो, माझ्या जुन्या व्हॅनला हीटर बायपासच केलेला आहे आणि कधी त्रास नाही. जितके जोड कमी तितकं गळायची जागा कमी, हे साधं आहे. फक्त बायपास म्हणजे दोन्ही तोंडं लाकडी गुट्टा किंवा बोल्ट ठोकून बंद करणं नव्हे, ते करू नकोस. इंजिनातून हीटरला जाणारं तोंड आणि परत येणारं तोंड एकाच होजने एकमेकांना जोडायचं, म्हणजे पाणी फिरत राहतं. काही इंजिनांत थर्मोस्टॅट बंद असताना पाणी फिरायची वाटच हीटरमधून असते, ती बंद केली तर इंजिनाच्या हेडकडचं पाणी जागच्या जागी उकळतं आणि थर्मोस्टॅटला कळतच नाही. यू आकाराचा तयार होज मिळतो तो टाक, सरळ पाइप दुमडू नको.

पांझरा_किनारी, धुळे

भो, मन्हं आयक. खान्देशात हीटर लागत नाही म्हणणाऱ्याने जानेवारीत पहाटे धुळ्याहून गाडी काढून बघावी, पारा पाच-सहा अंशाला आलेला असतो आणि समोरची काच आतून धुरकट, फडक्याने पुसत पुसत चालवावी लागते. कोरडी गरम हवा काचेवर मारली की लगेच साफ होते, तो पण सेफ्टीचाच भाग आहे.

दुसरं, हीटर म्हणजे आत बसवलेला छोटा रेडिएटरच आहे. पळासनेरवरून पुढे बिजासन घाट चढताना, भर मे महिन्यात, मागे सामान भरलेलं, काटा वर सरकायला लागला की आम्ही एसी बंद करतो, खिडक्या उघडतो, हीटर फुल गरम आणि ब्लोअर फुल. आत बसवत नाही इतकं गरम होतं पण इंजिनाची थोडी उष्णता बाहेर निघते आणि तेवढ्यात सुरक्षित जागा बघून थांबता येतं. हे थांबेपर्यंतचं काम आहे हां, हीटर लावून तसाच घाट पूर्ण करायचा नाही. पाणीच कमी असेल तर हीटरमधून गार हवा येते, म्हणजे समजायचं की पाणी गेलेलं आहे, तिथल्या तिथे इंजिन बंद.

म्हणून माझं मत, कॉइल चांगली असेल तर हीटर ठेव. कॉइल गेलेली असेल तर शहादेकर म्हणतो तसं कर.

बोरीकाठ, अमळनेर

सगळ्यांचे आभार, खूप मोकळं झालं डोकं. काल अंगठ्याने दाबून बघितले, मिस्त्री भाऊ म्हणतात तसंच, रेडिएटरचा खालचा होज मधे कडक आणि क्लिपजवळ एकदम लिबलिबीत. सगळे बदलायचं ठरलं.

पण अजून एक गोष्ट सापडली. पुढच्या डाव्या सीटसमोरचं मॅट उचललं तर खाली ओलसर आहे आणि बोट लावलं की चिकट लागतं, पाणी असतं तर इतक्या उन्हात कधीच सुकलं असतं. काचेवर पण आतून तेलकट थर येतो तो मी डॅशच्या पॉलिशचा समजत होतो. हे कॉइलचं लक्षण आहे का? आणि क्लिप कोणत्या टाकू, जुन्या स्प्रिंगच्या आहेत त्याच लावू का स्क्रूवाल्या?

मिस्त्री_भुसावळ

हो भाऊ, चिकट मॅट, गोड वास, काचेवर तेलकट थर, तिन्ही एकत्र असतील तर बहुतेक कॉइल किंवा कॉइलचा जोड. पण अंदाजाने कॉइल घेऊ नका, आधी खात्री करा. हीटरचे दोन्ही होज काढताना जुना होज स्क्रू ड्रायव्हरने उचकटू नका, कॉइलच्या नळ्या नरम असतात, एका झटक्यात वाकतात किंवा जोडातून सुटतात आणि चांगली कॉइल पण हातची जाते. होज ब्लेडने लांबीत चिरा, सालीसारखा सोलून काढा, जुना तर फेकायचाच आहे. कॉइल बाहेर काढल्यावर एका तोंडावर होजचा तुकडा आणि बोल्ट लावून बंद करा, दुसऱ्या तोंडाने पंक्चरवाल्याकडून हवा द्या आणि कॉइल पाण्याच्या घमेल्यात बुडवा. हवा १५ पौंडाच्या वर जाऊ देऊ नका, टायरसारखी भरली तर चांगली कॉइल फुटेल. बुडबुडे आले की जागा कळते.

हे १५ पौंड का ते सांगतो. रेडिएटरच्या टोपणावर आकडा असतो, बऱ्याच छोट्या गाड्यांना ०.९ असतो म्हणजे साधारण १३ पौंड. तेवढ्या प्रेशरला साधं पाणी सुद्धा १०० ऐवजी ११८ अंशाच्या आसपास उकळतं. टोपणाचं रबर गेलं की प्रेशर धरत नाही, पाणी १०० लाच उकळतं आणि रेडिएटरला जोडलेल्या कूलंटच्या बाटलीतून बाहेर जातं, मग लोक हेड गॅस्केट गेलं म्हणून इंजिन खोलतात. एवढा खर्च करताय तर टोपण पण नवीन घ्या, त्याच आकड्याचं. जास्त आकड्याचं घेऊ नका, जुन्या सगळ्या जोडांवर ताण येतो.

क्लिपचं म्हणाल तर कंपनीची स्प्रिंगची क्लिप वाईट नसते. रबर गरम-गार होताना कमी-जास्त होतं आणि स्प्रिंग त्याच्यासोबत स्वतःहून आवळत राहते. गंजलेली किंवा ढिली झालेली असेल तर मात्र नवीन. स्क्रूवाली घेतली तर पट्टी आरपार कापलेल्या खाचांची नको, त्या खाचांत रबर घुसून कापलं जातं, आतून गुळगुळीत आणि काठ वळलेला पट्टा बघून घ्या. नळीच्या तोंडाला एक उठलेला कंगोरा असतो, क्लिप त्या कंगोऱ्याच्या मागे बसली पाहिजे, त्याच्यावर नाही आणि होजच्या अगदी काठावर पण नाही. रस्त्यावर टाकलेली ती लोखंडी नळी सरळ कापलेली असणार, तिला कंगोरा नाही, म्हणून तार सैल झाली की होज सरकून निघतो. त्यासाठी पण ती काढायचीच. आणि आवळताना जोर दाखवायचा नाही, रबर क्लिपच्या दोन्ही बाजूंनी फुगून वर यायला लागलं म्हणजे जास्त झालं.

केळीवाली_यावल

भाऊ, सगळे होजचंच बोलतायत पण त्या बोअरच्या पाण्याचं काय? मी डब्यांचा व्यवसाय करते, ओमनी मीच चालवते, आणि आमच्याकडचं बोअरचं पाणी कसं आहे ते गिझरची कॉइल काढून बघितली की कळतं, पांढरा थर हाताने खरवडून निघतो. तोच थर इंजिनाच्या आत पाण्याच्या वाटेवर बसतो, उष्णता बाहेर जाऊ देत नाही आणि कॉइलच्या बारीक नळ्या तर आधी बुजतात. ढाब्यावरचं पाणी त्या वेळी भरणं भागच होतं, पण आता ते पूर्ण काढा. नुसतं रेडिएटरचं ड्रेन खोलून सगळं निघत नाही, इंजिनात उरतंच. डिस्टिल्ड वॉटर भरायचं, हीटर गरमवर ठेवून गाडी थर्मोस्टॅट उघडेपर्यंत चालू ठेवायची, गार होऊ द्यायची, काढायचं, परत भरायचं, जे बाहेर येतं ते काचेच्या ग्लासात धरून बघायचं, स्वच्छ दिसेपर्यंत. बॅटरीच्या दुकानात डिस्टिल्ड वॉटरचे कॅन मिळतात, महाग नाही.

कूलंट घेताना कॅनवर वाचा, तयार मिसळलेलं असेल तर त्यात पाणी घालायचं नाही, आणि घट्टवालं असेल तर बहुतेक निम्मं-निम्मं. आपल्याकडे बर्फ पडत नाही मग कूलंट कशाला, असं बरेच जण म्हणतात, पण त्यात गंज न चढू देणारं औषध असतं, ते गाडीखालच्या लोखंडी नळ्यांसाठी पाहिजेच. हिरवं-लाल या रंगावर जाऊ नका, एकाच रंगाची दोन वेगळी कूलंट असू शकतात. कंपनीने पुस्तिकेत जे सांगितलंय ते घ्या आणि जुन्यात मिसळू नका.

आणि कळकळीने सांगते, काढलेलं कूलंट उघड्या घमेल्यात अंगणात ठेवू नका आणि गटारीत ओतू नका. ते गोड असतं, कुत्री-मांजरं चाटतात आणि थोड्या कूलंटने पण त्यांची किडनी जाते. लहान मुलं असतील घरात तर अजूनच जपा. झाकणाच्या कॅनमध्ये भरून, वर लिहून, गॅरेजला द्या.

शहादेकर

ताई बरोबर, हे मी पण कधी वाचलं नव्हतं. आमच्या गल्लीत कुत्री भरपूर आहेत.

बोरीकाठ, तुला कोणी सिलिकॉनचे निळे होज घे म्हणालं तर घाई करू नको. चांगले असतात, उष्णता भरपूर सहन करतात, पण त्यांना साधी क्लिप कापते, वेगळी लागते, आणि त्यातून पाण्याची वाफ थोडी थोडी झिरपत असल्याने पातळी जास्त वेळा बघावी लागते. घरच्या गाडीला चांगल्या कंपनीचा काळा ईपीडीएम पुरेसा आहे.

बोरीकाठ, अमळनेर

काम झालं, सांगायला आलो. कॉइल घमेल्यात बुडवली, जिथे नळी कॉइलच्या डब्याला जोडलेली असते तिथून बारीक बुडबुड्यांची माळ. दुरुस्त होईल का विचारलं पण कारागीर म्हणाला जोड धरेल याची खात्री देत नाही, म्हणून नवीन मागवली आहे, ती यायला वेळ आहे. तोपर्यंत शहादेकर भाऊंच्या पद्धतीने यू होजने लूप केला, थंडीच्या आधी कॉइल बसवून हीटर परत जोडणार. सगळे होज, क्लिप, टोपण नवीन. गाडीखालची एक नळी खड्डे पडलेली निघाली, ती पण बदलली. थर्मोस्टॅट उकळत्या पाण्यात टाकून बघितला, व्यवस्थित उघडला, तरी जुना म्हणून नवीन टाकला, रबर रिंगसकट.

एकच अडचण आहे, कूलंट भरून गाडी फिरवून आलो तर वरची पातळी बरीच खाली गेली. कुठे गळत तर नाहीये, खाली पुठ्ठा अंथरून रात्रभर ठेवला, कोरडा आहे.

मिस्त्री_भुसावळ

गळत नसेल तर आत हवा होती ती निघाली. ईकोत पाण्याच्या वाटा लांब आहेत, हवा अडकतेच. गाडीचं तोंड चढाला करून उभी करा म्हणजे भरायची जागा सगळ्यात वर येईल, इंजिन गार असताना टोपण काढा, काठापर्यंत भरा आणि टोपण उघडं ठेवूनच स्टार्ट करा. बुडबुडे येत राहतील, पातळी खाली गेली की हळूहळू भरत राहा, वरचा होज हाताने दाबून सोडून बघा, त्याने पण हवा सुटते. पाणी वर फुगून यायला लागलं की टोपण लावा, मग रेडिएटरचा फॅन लागून बंद होईपर्यंत चालू ठेवा. वरचा होज गरम आणि खालचा बराच वेळ गारच राहिला तर अजून हवा आहे, बंद करून गार होऊ द्या आणि परत करा. गरम असताना टोपण परत उघडायचं नाही. नंतर सकाळी गार असताना बाटलीत दोन खुणांच्या मध्ये भरून ठेवा. कॉइल बसवाल तेव्हा हेच सगळं परत करायचं, त्या वेळी हीटर गरमवर ठेवून, आणि डॅशमधून खळखळ आवाज आला तर हवा कॉइलमध्ये आहे.

स्क्रूवाल्या क्लिप टाकल्या असतील तर थोडी चालवल्यानंतर इंजिन गार असताना एकदा सगळ्यांवर पाना फिरवा, नवीन रबर बसतं आणि क्लिप थोडी सैल पडते. लूपचा होज सायलेन्सरच्या पाइपाला किंवा कुठल्या धारेला घासत नाही ना ते खाली झोपून नक्की बघा, घासत असेल तर क्लिप मारून बाजूला बांधा. गडावर निघायच्या आधी एखादा भरलेला फेरा पारोळा-धुळे मारून या, आल्यावर परत पुठ्ठा टाका.